आराखड्याची छाप आणि कागदावरचें माप

घर बांधणारा गवंडी, यंत्राचा भाग कांतणारा कारागीर आणि पुलाचा पाया खणून घेणारा मुकादम यांनीं आराखडा काढणाऱ्याचें तोंड क्वचितच पाहिलेलें असतें. त्यांच्यापर्यंत पोंचतो तो फक्त कागद. त्या कागदावरील रेषेवर विश्वास ठेवून भिंत उभी राहते. रेषा खोटी ठरली तर भिंत पाडावी लागते. आज आराखडा संगणकाच्या पडद्यावर तयार होतो. तो छापण्याची आज्ञा दिली कीं एक लहानशी चौकट उघडते आणि चार-पांच प्रश्न विचारते : कागद केवढा, प्रमाण कोणतें, रेषा किती जाड, समास किती, चित्र एका पानावर कीं अनेक पानांवर? घाईच्या वेळीं हे प्रश्न न वाचतांच पुढें जाण्याकडे मनुष्याचा कल असतो. परंतु त्या प्रत्येक प्रश्नामागें पूर्वीच्या कारागिरांचा अनुभव आहे, आणि सर्वांच्या मुळाशीं एकच चिंता आहे : एकानें मनांत धरलेलें माप दुसऱ्याच्या हातीं जसेंच्या तसें कसें पोंचावें?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आराखड्याची प्रत म्हणजे बहुधा हातानें केलेली नक्कल असे. मूळ चित्रावर पारदर्शक कागद किंवा कापड पसरावयाचें आणि एकेक रेषा गिरवावयाची. प्रती जितक्या अधिक, तितक्या चुका अधिक. ही अडचण दूर करण्याचें साधन सांपडलें तें एका ज्योतिर्विदाला. युरेनस ग्रहाचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे चिरंजीव सर जॉन हर्शेल यांनीं १८४२ सालीं लोहाच्या क्षारांवर आधारलेली छापण्याची एक रीत शोधून काढली. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांच्या द्रावणाचा हात कागदावर फिरवून तो उन्हांत धरला, तर प्रकाश लागेल तेथें निळा रंग धरतो. सांवलींतील द्रव्य मात्र साध्या पाण्यानें धुवून जातें. दुसऱ्याच वर्षीं ॲना ॲटकिन्स या विदुषीनें याच रीतीनें समुद्रशैवालांच्या चित्रांचें पुस्तक काढण्यास आरंभ केला. तथापि अभियंत्यांच्या कचेऱ्यांत ही रीत रुळण्यास सुमारें तीस वर्षें लागलीं. पारदर्शक कापडावर काळ्या शाईनें काढलेला आराखडा अशा कागदावर ठेवून उन्हांत धरला, कीं शाईखालील रेषा पांढऱ्या राहत आणि भोंवतालचें सारें अंग निळें होई. हीच ती ब्ल्यूप्रिंट.

गिरवणाऱ्या हाताची चूक गेली, पण पाण्यानें दुसरी आणली. धुतलेला कागद वाळतांना आकसतो, आणि लांबी-रुंदीला तो सारखाच आकसेल असा भरंवसा नसतो. अशा छापेवर पट्टी ठेवून घेतलेली लांबी मुळाशीं कशी जुळावी? म्हणून लिहिलेला आंकडा खरा मानावा, मोजलेल्या रेषेवर विसंबूं नये, हा दंडक फार मोलाचा ठरला. आजही कित्येक आराखड्यांच्या कोपऱ्यांत पट्टीनें माप न घेण्याची सूचना असते.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत जर्मनींत डायझो रसायनांची रीत पुढें आली. हींत कागद भिजवावा लागत नाहीं. अमोनियाच्या वाफेंत रेषा उमटते, आणि तीहि पांढऱ्या कागदावर गडद. तिचें ‘ओझॅलिड’ हें व्यापारी नांव डायझो या शब्दाचीं रोमन अक्षरें उलटीं लावून व मध्यें एक ‘एल्’ घालून बनविलेलें आहे. भारतांत या प्रतीला ‘अमोनिया प्रिंट’ म्हणूं लागले. छापण्याची रीत बदलली कीं चित्राची भाषाहि कशी बदलते, याचें उत्तम उदाहरण राष्ट्रीय इमारत संहितेच्या रंगतक्त्यांत सांपडतें. तेंच जुनें बांधकाम दाखवावयाचें, तर साध्या कागदावर रेषा काळी, ब्ल्यूप्रिंटवर पांढरी आणि अमोनिया प्रिंटवर निळी, अशी तेथें व्यवस्था आहे.

कागदाच्या आकाराचा इतिहास याहून जुना आहे. गटिंगनचे प्राध्यापक लिश्टेनबेर्ग यांनीं १७८६ सालच्या एका पत्रांत कागदाचा एक सुंदर गुण सांगितला होता. लांबी आणि रुंदी यांचें गुणोत्तर दोनाच्या वर्गमुळाएवढें असेल, तर कागद मधोमध दुमडल्यावर होणाऱ्या अर्ध्या कागदाचेंहि गुणोत्तर तेंच राहतें. या तत्त्वावर वाल्टर पोर्स्टमन यांनीं जर्मनीसाठीं रचलेलें कागदाचें प्रमाण १९२२ सालीं अमलांत आलें, आणि १९७५ सालीं त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. ए-शून्य हा कागद एक चौरस मीटर क्षेत्रफळाचा. तो चार वेळां दुमडला कीं घरोघरीं ओळखीचा ए-चार मिळतो. रेषांच्या जाडीचें प्रमाणहि त्याच गुणोत्तरावर बसविलेलें आहे : ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ आणि १ मिलिमीटर. यामुळें ए-एक आकाराचा आराखडा ए-तीनवर निम्मा करून छापला, तर ०.७ची रेषा नेमकी ०.३५ची होते आणि जाड-बारीक रेषांचें परस्परांशीं नातें बिघडत नाहीं.

संगणकाचा या व्यवहारांत प्रवेश झाला तो लेखणी हातीं घेऊन. १९५९ सालीं अमेरिकेंतील कॅलकॉम्प कंपनीनें ५६५ क्रमांकाचा प्लॉटर बाजारांत आणला. त्यांत नळकांड्यावरचा कागद मागें-पुढें सरके, लेखणी आडवी सरके, आणि इंचाच्या शंभराव्या भागाएवढ्या पावलांनीं रेषा उमटे. पुढच्या प्लॉटरांत निरनिराळ्या जाडीच्या अनेक लेखण्यांची सोय झाली. १९८२ सालीं ऑटोकॅड ही आराखड्यांची प्रणाली बाहेर पडली, तेव्हां पडद्यावरील रंग आणि यंत्रांतील लेखणी यांची सांगड घालण्यांत आली. तांबडी रेषा अमुक लेखणीनें, पिवळी तमुक लेखणीनें, असा हा करार होता. कागदावर सारेंच काळें उमटलें तरी चालत असे. १९९१ सालीं ह्यूलेट-पॅकार्डचा पहिला डिझाइनजेट आला. त्यांत शाईचे सूक्ष्म थेंब उडत, लेखणीचें कामच उरलें नव्हतें. अशीं यंत्रें पसरलीं आणि लेखण्या हळूहळू नाहींशा झाल्या. तरीहि रंगावरून जाडी ठरविणारा तक्ता राहिलाच. तो बरोबर न पाठवितां आराखडा दुसऱ्या कचेरींत धाडला, तर भिंतीची जाड रेषा आणि फरशीची बारीक रेषा एकसारख्याच उमटूं शकतात.

याहून घातक गोष्ट म्हणजे ‘कागदांत बसवा’ ही सोय. बहुतेक प्रिंटरांना कागदाच्या अगदीं कडेपर्यंत छापतां येत नाहीं. ए-चारच्या २१० मिलिमीटर रुंदींतून दोन्ही बाजूंस पांच-पांच मिलिमीटरांचा समास गेला, तर २०० उरतात. पूर्ण पानाचें चित्र तेवढ्यांत बसवितांना प्रिंटर तें निमूटपणें ९५ टक्क्यांवर आणतो. एकास पन्नास या प्रमाणांत पांच मीटरांची खोली १० सेंटिमीटर दिसावी. ती साडेनऊ दिसते. पट्टी लावणाऱ्याला ती पावणेपांच मीटरांची वाटते, आणि पाव मीटर कोठें गेला हें कोणासच कळत नाहीं. कागदाच्या कोपऱ्यांत ‘एकास पन्नास’ हीं अक्षरें मात्र तशींच मिरवत असतात.

वस्तूचें माप आणि कागदाचें माप यांची फारकत करणारी एक चांगली सुधारणा १९९० सालीं ऑटोकॅडच्या अकराव्या आवृत्तींत झाली. तोंपर्यंत एकास पन्नास प्रमाणाच्या कागदावर तीन मिलिमीटर उंचीचें अक्षर हवें असेल, तर खऱ्या मापाच्या चित्रांत तें दीडशें मिलिमीटर उंचीचें लिहावें लागे. नव्या व्यवस्थेंत वस्तु खऱ्या मापानें एका ठिकाणीं, आणि कागद दुसऱ्या ठिकाणीं. कागदावर खिडक्या पाडावयाच्या आणि प्रत्येक खिडकीला तिचें स्वतंत्र प्रमाण द्यावयाचें.

ज्या चित्रांना लांबी-रुंदीचें मापच नसतें, त्यांनाहि छापेची काळजी चुकत नाहीं. माहितीच्या परस्परसंबंधांचीं चित्रें पीटर चेन यांनीं १९७६ सालीं मांडलीं. संगणक-प्रणालींच्या रचनेची यूएमएल ही चित्रभाषा १९९७ सालीं प्रमाण ठरली. या भाषेंत पोकळ चौकट आणि भरीव चौकट यांचे अर्थ वेगळे आहेत. पोकळ असेल तर अवयव आपल्या समूहावांचूनहि राहूं शकतो. भरीव असेल तर संपूर्ण वस्तूबरोबरच त्याचा अंत होतो. शंभर चौकोनांचें असें चित्र एका ए-चारवर दाबून बसविलें, तर पोकळ चौकट शाईनें भरून भरीव दिसूं लागते, आणि चित्र न बदलतां अर्थ बदलतो. त्यापेक्षां तें अनेक पानांवर छापून सांधे जुळवावे, हें श्रमाचें खरें, पण प्रामाणिक.

१९९३ सालीं पीडीएफ हें स्वरूप प्रसिद्ध झालें आणि अक्षरें व रेषा या यंत्राकडून त्या यंत्राकडे न बिघडतां जाऊं लागल्या. तरी शेवटची छाप निघते त्या ठिकाणीं ‘कागदांत बसवा’ ही सोय उभीच असते. म्हणून जाणते आराखडेकार कोपऱ्यांत प्रमाणाच्या आंकड्याबरोबर खुणा केलेली एक लहान मापपट्टीहि काढतात. चित्र आकसलें तर ती त्याच्याबरोबर आकसते, आणि तिच्यावरून खरें माप नेहमीं काढतां येतें. छापलेला पहिला कागद हातीं येतांच त्या पट्टीवर साधी फूटपट्टी ठेवून पाहण्यास अर्धें मिनिटहि लागत नाहीं. तेवढें केलें तर चुकलेला कागद टाकून दुसरा काढतां येतो. न केलें तर ती चूक गवंड्याच्या ओळंब्यापर्यंत जाते, आणि तेथें ती विटांच्या मोलानें फेडावी लागते.