दप्तरातील माणूस : परभणी परिसरातील भू-अभिलेखांची भाषा आणि खाजगीपणाचा प्रश्न

जमिनीचा अभिलेख महसुलासाठी तयार होतो, हक्काच्या पुराव्यासाठी टिकतो आणि पुढे इतिहासाचे साधन बनतो. या तिन्ही उपयोगांत ज्याचा सहसा विचार होत नाही अशी एक गोष्ट त्यात असते. ती म्हणजे ज्याच्या नावे जमीन आहे तो माणूस. त्याचा बाप कोण, तो सज्ञान की अज्ञान, त्याची स्त्री सधवा की विधवा, त्याच्यावर कर्ज किती, त्याचे भाऊ किती व ते एकत्र की विभक्त, हे सारे जमिनीच्या चार ओळींत येऊन जाते. हे दप्तर जाणूनबुजून सर्वांसाठी खुले ठेवलेले असते. म्हणून प्रश्न असा की, हक्क जाहीर करण्यासाठी माणूस किती जाहीर करावा लागतो? प्रस्तुत लेखात परभणी परिसरातील अभिलेखांच्या भाषेच्या आधाराने या प्रश्नाचा ऐतिहासिक विचार करावयाचा आहे.

परभणी तालुक्यातील झरी हे गाव परभणी-जिंतूर मार्गावर असून महसुली मंडळाचे ठिकाण आहे. त्याची निवड अपवादात्मक गाव म्हणून केलेली नाही. मराठवाड्यातील कोणत्याही गावाचे दप्तर ज्या राजवटींतून आणि ज्या भाषांतून गेले, त्यांतून झरीचेही गेले, एवढेच तिचे प्रयोजन. १९४८ पर्यंत निजामाचे राज्य, नंतर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य, १ मे १९६० पर्यंत द्विभाषिक मुंबई राज्य आणि त्यानंतर महाराष्ट्र, असा हा क्रम आहे. राज्ये बदलली, नमुने बदलले. पण दप्तरात माणसाची ओळख देण्याची रीत फार सावकाश बदलली.

१. निशाणी आणि नामसूत्र

महसुली नमुन्यांच्या पूर्वी जमिनीचा व वतनाचा निवाडा महजराने होत असे. गोत जमे, साक्षी होत आणि मजकुराखाली उपस्थितांची नावे व निशाण्या पडत. कुणब्याची निशाणी नांगराची, तर कारागिराची त्याच्या हत्याराची. लिहिता न येणाऱ्याची ही सही होय. परंतु तिच्यातून त्याचा व्यवसाय आणि पर्यायाने त्याची जात एका दृष्टिक्षेपात कळे. त्या काळी यात काही उघड होत आहे असे कोणास वाटण्याचे कारण नव्हते, कारण वाचणारे आणि वाचला जाणारा हे दोघे एकाच गोताचे होते.

सर सालारजंगाच्या सुधारणांत १८६५ साली जिल्हाबंदी झाली, पुढे मोजणी होऊन सेतवार तयार झाले आणि १३१७ फसलीच्या, म्हणजे १९०७ च्या सुमाराच्या, हैदराबाद जमीन महसूल कायद्याने या व्यवस्थेस स्थिर रूप आले. या दप्तराची परिभाषा फारसी-अरबी वळणाची होती. मराठी शेतकऱ्याचे नाव तीत ठराविक नामसूत्रात बसविले जाई. पुरुषाच्या नावापुढे ‘वल्द’ येऊन बापाचे नाव येई. विवाहितेच्या नावापुढे ‘जौजे’ आणि विधवेच्या नावापुढे ‘बेवा’ येऊन पतीचे नाव येई. ‘वल्द’ व ‘जौजे’ हे शब्द अरबीतून आलेले आहेत. ‘बेवा’ फारसी आहे, आणि संस्कृत ‘विधवा’ शब्दाचे ते इराणी शाखेतील भावंड आहे.

या नामसूत्राचे वैशिष्ट्य असे की, त्यात स्त्रीची वैवाहिक स्थिती व्याकरणातच गोवलेली आहे. पुरुष विधुर आहे की नाही हे ‘वल्द’वरून कळत नाही, स्त्री विधवा आहे हे मात्र तिच्या नावापासून वेगळे काढता येत नाही. येथे माहिती स्वतंत्र रकान्यात लिहिलेली नसून ती ओळखीचाच अवयव झाली आहे. म्हणून ती उघड झाल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही.

मुंबई इलाख्यातून आलेल्या सातबारा पद्धतीनेही असेच संक्षेप रूढ केले. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता; ज्याच्या नावाजवळ हा शेरा आहे तो वारस लहान असून दुसरा कोणी त्याच्या वतीने व्यवहार पाहतो, असा त्याचा अर्थ. ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. यावरून नाव एकाचे असले तरी हक्क अनेकांचा आहे हे कळते. ‘इतर हक्क’ या रकान्यात कूळ, बोजा, तगाई आणि सोसायटीचे कर्ज येते. घराचा कर्ता केव्हा वारला, मुले किती लहान राहिली आणि कर्ज कधी काढले, ही कुटुंबाची आपत्ती तीन-चार अक्षरांच्या शेऱ्यांतून वाचता येते.

२. चावडीची प्रसिद्धी

ही माहिती उघड ठेवण्यामागे अविचार नव्हता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. हक्कनोंदीच्या कायद्याचा पाया प्रसिद्धीचा आहे. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने आणि हैदराबादेत १३५८ फसलीच्या विनियमाने हक्कनोंदीची स्वतंत्र व्यवस्था झाली. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली आणि मराठवाड्यातील जुने कायदे तिच्यात विलीन झाले. संहितेच्या कलम १५० प्रमाणे तलाठ्याने फेरफार नोंदवहीत नोंद करताच तिची पूर्ण प्रत चावडीवर ठळक जागी लावावयाची आणि हितसंबंधी व्यक्तींना लेखी कळवावयाचे. कोणाची हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि तिचा निर्णय झाल्यावाचून नोंद प्रमाणित होत नाही. चावडीवाचनाच्या प्रथेचे मूळही याच हेतूत आहे. ज्यास वाचता येत नाही त्यासही आपल्या जमिनीवर कोणाचे नाव चढले हे ऐकू यावे, हा तो हेतू होय.

अशा प्रसिद्धीवाचून दुबळ्याचे रक्षण झाले नसते. भावाने बहिणीचे नाव वगळले, सावकाराने खोटे खरेदीखत पुढे केले किंवा दिराने विधवेस डावलून वारसनोंद केली, तर हरकत घेण्यास वाव मिळतो तो नोंद चारचौघांत वाचली जाते म्हणून. ‘बेवा’ हा शब्द त्या स्त्रीची स्थिती उघडी पाडतो हे खरे; पण मृताच्या जमिनीवर तिचा हक्क कोठून आला हेही तोच शब्द सांगतो. उघडेपणा आणि संरक्षण यांची ही गाठ या विषयाचे मर्म आहे. केवळ गुप्ततेचा आग्रह धरणाऱ्याने ती प्रथम सोडवून दाखविली पाहिजे.

तथापि चावडीच्या प्रसिद्धीस एक मर्यादा होती. ती कायद्यात लिहिलेली नव्हती, कारण ती लिहिण्याची गरजच नव्हती. झरीची नोंद पाहण्यास झरीस जावे लागे; दुसऱ्या जिल्ह्यातील अनोळखी मनुष्य तेथे येऊन शेकडो खात्यांची नावे उतरून घेणे व्यवहारात संभवत नसे. वाचणाऱ्यास गाव ओळखत असे. थोडक्यात, प्रसिद्धी सर्वांसाठी होती, पण ती अंतर, श्रम आणि ओळख यांनी आपोआप आवरलेली होती.

३. कायद्याने एकदा काढलेली रेषा

कोणती माहिती उघड असावी याचा विचार जुन्या कायद्यांनी केलाच नाही, असे म्हणणे बरोबर होणार नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यातील कलम ५७ या दृष्टीने अभ्यसनीय आहे. स्थावर मिळकतीच्या दस्तांचे पुस्तक क्रमांक १ कोणीही अर्जदार फी भरून पाहू शकतो व त्याची नक्कल घेऊ शकतो. मृत्युपत्रांचे पुस्तक क्रमांक ३ आणि संकीर्ण दस्तांचे पुस्तक क्रमांक ४ यांना मात्र हा नियम नाही. मृत्युपत्र करणारा जिवंत असेपर्यंत त्याची नक्कल त्यास किंवा त्याच्या मुखत्यारासच मिळते. म्हणजे जमीन जगासमोर असावी आणि घरातील इच्छा झाकलेली असावी, ही रेषा कायद्याने ओढली होती. मात्र ती दस्ताच्या प्रकारावरून ओढली, दस्तातील मजकुरावरून नव्हे. खरेदीखत एकदा खुले ठरले की त्यातील प्रत्येक शब्द खुला झाला.

मजकुरापर्यंत पोहोचणारे एक उदाहरणही याच कायद्यात आहे. व्यक्तीची ओळख पटविण्यासाठी दस्तात काय काय लिहावे हे सांगणाऱ्या व्याख्येत राहण्याचे ठिकाण, धंदा व पित्याचे नाव यांबरोबर मूळच्या कायद्यात जातीचाही उल्लेख होता. १९५६ च्या दुरुस्ती कायद्याने जातीविषयीचे शब्द गाळण्यात आले. याच वर्षी परभणी जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात आला. आणि १९०८ चा हा कायदा १९५१ च्या विस्ताराने तेथे आधीच लागू झालेला होता. जात गाळल्याने मिळकतीची ओळख पुसट झाली किंवा हक्क शाबीत करण्यास अडचण आली, असे घडले नाही. नांगराच्या निशाणीपासून चालत आलेली एक खूण दस्ताच्या व्याख्येतून उणी झाली आणि हक्क जागच्या जागी राहिला. हक्काची प्रसिद्धी आणि व्यक्तीची प्रसिद्धी या दोन गोष्टी अलग करता येतात, याचा हा घरचाच पुरावा होय.

४. चावडीबाहेर

भू-अभिलेखांच्या संगणकीकरणाने अभिलेखाचे स्वरूप फारसे बदलले नाही. बदलला तो त्याचा वाचक. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, तसेच खातेदाराच्या नावावरून वा आडनावावरूनही शोध घेता येऊ लागला. तलाठ्याच्या सज्जावर हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्यास ही मोठी सोय झाली, यात संशय नाही. परंतु पूर्वी शोधाचा आरंभ जमिनीपासून होई व शेवट माणसापाशी. आता माणसापासून आरंभ करून त्याची जमीन, त्याचे भाऊबंद आणि त्याचा बोजा यांपर्यंत जाता येते. दुसरीकडे नोंदणीच्या सूची क्रमांक दोनच्या संगणकीय नमुन्यात पक्षकाराच्या नावाबरोबर वय, पत्ता, पिन कोड आणि पॅन क्रमांक यांना जागा मिळाली. अंतर, श्रम आणि ओळख हे जुने तिन्ही आवर गळून पडले आणि त्यांच्या जागी नवा आवर लिहिला गेला नाही.

यातील धोक्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अंगठ्याच्या ठशाचे आहे. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल याने एका कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला, आणि १८७७ साली हुगळी येथे दस्तनोंदणीत बोटांच्या ठशांचा उपयोग सुरू केला. सही नाकारणाऱ्यास ठसा नाकारता येऊ नये, एवढाच त्याचा हेतू होता. २००१ च्या दुरुस्तीने नोंदणी कायद्यात कलम ३२-अ येऊन पक्षकारांची छायाचित्रे व बोटांचे ठसे दस्तास जोडणे आवश्यक झाले. तोपर्यंत ठसा हा केवळ पुरावा होता. आधार क्रमांकाशी जोडला गेल्यावर तो बँकेच्या व दूरध्वनीच्या व्यवहाराची किल्ली बनला. दस्ताची नक्कल मात्र पूर्वीसारखीच खुली राहिली. २०१८ साली तेलंगणातील पेद्दपल्ली येथे नोंदणीकृत दस्तांच्या संगणकीय प्रतींवरून ठसे उचलून, त्यांचे कृत्रिम साचे बनवून हजारो सिमकार्डे चालू केल्याचे प्रकरण पोलिसांनी उघडकीस आणले. पेद्दपल्ली आणि परभणी ही दोन्ही ठिकाणे एका काळी एकाच हैदराबाद राज्याच्या महसुली व्यवस्थेत होती. या प्रकरणाकडे परप्रांतातील नवल म्हणून पाहता येणार नाही.

५. तुलना आणि निष्कर्ष

भूमी-अभिलेख पूर्णपणे खुला असावा की नाही, याविषयी इतर देशांतही एकवाक्यता नाही. इंग्लंडमध्ये जमिनीची नोंदवही मालकाच्या संमतीवाचून पाहता येत नसे. ती डिसेंबर १९९० मध्ये सर्वांस खुली झाली. जर्मनीत भूमिनोंदवही पाहू इच्छिणाऱ्यास आपला रास्त हितसंबंध दाखवावा लागतो. तेथे नोंदवही गुप्त नाही. परंतु वाचणाऱ्याने प्रथम आपण कोण व कशासाठी आलो हे सांगावयाचे असते. चावडीवर जे ओळखीने घडत असे तेच तेथे नियमाने घडविले आहे, असे म्हणता येईल.

भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर आलेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु जी माहिती प्रचलित कायद्याच्या बंधनामुळे सार्वजनिक केलेली आहे तीस हा कायदा लागू होत नाही. म्हणजे जमिनीच्या दप्तरातील माणसास या नव्या कायद्याचा आधार फारसा मिळत नाही. जे करावयाचे ते महसूल आणि नोंदणी यांच्या कायद्यांतच करावे लागेल.

त्यासाठी अभिलेखातील खुणांचे वर्गीकरण उपयोगी पडेल. जमीन कोणती, हक्क कोणाचा, तो कोठून आला आणि त्यावर भार कोणता, या हक्काच्या खुणा होत. त्या खुल्या नसतील तर अभिलेखाचे प्रयोजनच नष्ट होईल. पॅन क्रमांक, ठसा, छायाचित्र आणि घरचा पत्ता या व्यक्तीच्या खुणा होत. त्या कार्यालयाच्या पुराव्यात असणे आवश्यक आहे, परंतु प्रत्येकाच्या हाती पडणाऱ्या नकलेत असणे आवश्यक नाही. या दोहोंच्या मध्ये ‘बेवा’ व ‘अ. पा. क.’ यांसारख्या खुणा येतात. नोंद होताना त्या हक्काच्या असतात. काळ लोटल्यावर केवळ व्यक्तीच्या उरतात. अज्ञान मूल म्हातारे झाले तरी शेरा अज्ञानाचाच राहतो. २०२५ मधील जिवंत सातबारा मोहिमेत मृत खातेदारांच्या वारसांची नोंद घेण्याबरोबर असे कालबाह्य शेरे कमी करण्याचेही काम हाती घेण्यात आले. त्यामागील हेतू मुख्यतः व्यवहाराच्या सोयीचा असला, तरी खाजगीपणाच्या दृष्टीनेही ते योग्य दिशेचे पाऊल आहे.

हे वर्गीकरण करणे कायदेपंडितांइतकेच भाषेच्या अभ्यासकांचेही काम आहे. कोणता शब्द हक्क सांगतो आणि कोणता माणसास उघडे करतो, हे शब्दाच्या इतिहासावाचून ठरत नाही. झरीच्या चावडीवर एखाद्या विधवेचे नाव वाचले जाणे हा तिचा आधार होता, कारण ऐकणाऱ्यांत तिच्या बाजूने बोलू शकणारा कोणी असे. तेच नाव तिला न ओळखणाऱ्या, तिच्यासाठी न बोलणाऱ्या आणि तिच्या दृष्टीस कधीही न पडणाऱ्या वाचकापुढे उभे करताना, तिच्या हक्कापलीकडचे किती सांगावयाचे हे राज्यसंस्थेने नव्याने ठरविणे प्राप्त आहे.