चेन ब्लॉक (साखळी कप्पी)

हाताने साखळी ओढून जड वस्तू उभ्या रेषेत उचलण्याचे वा उतरवण्याचे साधन. कामगारांच्या बोलण्यात ‘चेन कप्पी’ किंवा नुसते ‘ब्लॉक’. लेथवर जड जॉब चढवणे, फौंड्रीत साचपेट्या उचलणे, गाडीचे इंजिन बाहेर काढणे ही त्याची नेहमीची कामे. वीज लागत नाही, त्यामुळे शेतातही पोचले. बोअरमधला पंप काढताना लोखंडी पायपांच्या तिकाटीला हेच टांगतात.

इतिहास : श्रेय सामान्यतः टी. ए. वेस्टन याच्या 1859 मधील ब्रिटिश पेटंटला दिले जाते. त्यामागचे दोन व्यासांच्या रहाटाचे तत्त्व त्याआधीचे आहे. कुलपांसाठी प्रसिद्ध असलेल्या येल कंपनीने 1870 च्या दशकात अमेरिकेत हे ब्लॉक बनवायला घेतले.

रचना व कार्य : वेस्टनच्या ब्लॉकमध्ये वर एकाच आसावर किंचित लहानमोठी दोन चाके जखडलेली असतात, खाली एक सुटी कप्पी आणि सर्वांवरून फिरणारी एकच अखंड साखळी. मोठ्या चाकाला 12 खाचा व लहानाला 11 असल्यास एका फेऱ्यात 12 कड्या वर येतात, 11 खाली जातात. फरक एका कडीचा. तो दोन पदरांत विभागला जाऊन ओझे अर्धी कडी चढते. म्हणजे 24 फूट साखळी ओढावी तेव्हा ओझे 1 फूट वर. घर्षण निम्म्याहून अधिक श्रम खाते; पण त्याचमुळे हात सोडला तरी ओझे जागच्या जागी थांबते. यंत्रशास्त्रात घर्षणाचे इतके उघड उपकार क्वचितच दिसतात.

आजच्या ब्लॉकमध्ये दंतचक्रे असतात व घर्षण कमी, म्हणून वेगळा ब्रेक लागतो. हातसाखळीचे चाक आट्यांवर बसवलेले असते. उचलताना ते आवळले जाऊन घर्षण-चकत्या दाबते आणि खिटी रॅचेट चाकाच्या दातांवरून टकटक करत सरकते. ओढणे थांबले की खिटी दातात अडकते. उतरवताना चाक जरासे सैल होते, ओझे थोडे घसरते, चकत्या पुन्हा आवळल्या जातात. ही टकटक बंद व्हावी म्हणून कोणी त्यात तेल सोडतो. ते कोरड्या चकत्यांवर गेले तर ब्रेक घसरतो.

सुरक्षा : कारखाने अधिनियम, 1948 (2025 मध्ये रद्द) च्या कलम 29 नुसार सुरक्षित भार साधनावर ठळक नोंदलेला असणे व सक्षम व्यक्तीकडून 12 महिन्यांतून किमान एकदा तपासणी होणे बंधनकारक होते. तिरके ओढू नये. भारसाखळीचाच फास ओझ्याला घालू नये, त्यासाठी वेगळी स्लिंग वापरावी. एका माणसाच्या ब्लॉकला दोघे लोंबकळू लागले, तर ओझे जास्त आहे किंवा ब्लॉक बिघडला आहे असे समजावे. तोंड फाकलेला हूक ठोकून सरळ करण्याची वर्कशॉपी रीत घातक आहे. तो बदलावाच लागतो.

विजेवरील प्रकार : हातसाखळीच्या जागी मोटर, गुदामांत व जुळणीच्या कामात प्रचलित.