पान्हा, चीक आणि संकोच

तापी-पूर्णा संगमावरील चांगदेव आणि कोथळी-मेहूण ही क्षेत्रे मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचे एदलाबाद, या परिसरातील होत. शके १२१९ मध्ये (इ. स. १२९७) मुक्ताई येथे अंतर्धान पावली, असे वारकरी परंपरा मानते. वयोवृद्ध योगी चांगदेवाने या कोवळ्या मुलीस गुरू केले आणि पाळण्याच्या अभंगांत तो तिचे बाळ झाला. कुमारिकेला माता कल्पिण्यात त्या परंपरेस संकोच वाटला नाही. आजच्या तरुणांना स्तनपानाविषयी बोलताना जो संकोच वाटतो तो, म्हणूनच, या भूमीचा पुरातन वारसा म्हणून सोडून देता येत नाही.

शब्दांचा इतिहास येथे बोलका आहे. संस्कृत 'प्रस्नव' यापासून आलेला 'पान्हा' आजही प्रतिष्ठित आहे. 'स्तन' यापासून प्राकृत 'थण' या वाटेने आलेले 'थान' मात्र शिष्ट लेखनात गाईम्हशींपुरते उरले. माणसांसाठी तत्सम 'स्तनपान' आले. ते आरोग्यखात्याच्या पत्रकात शोभते, माजघरात नव्हे. माजघराचा शब्द 'अंगावर पाजणे' हा होता. अवयवाचा उच्चार न करता क्रिया नेमकी सांगणारा असा प्रयोग सहजी घडत नसतो. तरुण पिढी आता 'फीडिंग' म्हणते. हा केवळ इंग्रजीचा सोस नव्हे; घरचा शब्द उघडा वाटू लागल्याची ती खूण आहे.

तथापि 'पूर्वी सारे यथास्थित होते, तरुणींनी बिघडविले' हा वडीलधाऱ्यांचा आक्षेप टिकत नाही. स्त्रियांना दूध तिसऱ्या-चौथ्या रात्री येते असे सुश्रुतसंहिता सांगते आणि तोवर बालकास मध व तूप देण्याचा विधी देते. लोकाचारातही पहिले दूध टाकाऊ ठरले. गाईच्या चिकाचा खरवस आवडीने खाणाऱ्या समाजाने आईचा चीक पिळून टाकावा, ही विसंगती कोणास खटकली नाही! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात जन्मानंतर पहिल्या तासात पाजलेल्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५७.५ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ५३.२ टक्क्यांवर आले. याच काळात सहा महिन्यांखालील, निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या बालकांचे प्रमाण मात्र ५६.६ वरून ७१ टक्क्यांवर गेले. पहिल्या तासाचा निर्णय बहुधा नवप्रसूतेच्या हाती नसतो. पुढील महिन्यांत तिचा शब्द अधिक चालतो. हे ध्यानी घेता तरुण मातांची अनिच्छा या आकड्यांतून सिद्ध होत नाही.

कायद्याने आपला वाटा उचलला आहे. १९६१ च्या प्रसूतिलाभ अधिनियमाने कामावर परतलेल्या मातेस, मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत, दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सवड दिली; १९९२ च्या अधिनियमाने शिशूंसाठीच्या दूधभुकटीच्या जाहिरातीस बंदी केली. चारचौघांतील अडचण मात्र कायद्याने सुटली नाही. एस. टी. स्थानकांवर मातांसाठी खोल्या झाल्या, त्यांना तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरणाऱ्या, आख्यायिकेतील हिरकणीचे नाव मिळाले. नाव गौरवाचे खरे. पण 'पाजणे' त्या नावातही आलेले नाही.