शेवट कोणी ठरवायचा?

'मुद्द्यांवरून गोष्ट लिहा' हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी सोडवलेला असतो. मुद्दे आयते, शेवटही आयता. आपण मधल्या जागा भरायच्या, वर शीर्षक आणि खाली तात्पर्य लिहिलं की झालं! शेवट ठरवावा लागतो, तो वेगळाही होऊ शकला असता, हे त्यात शिकायला मिळत नाही.

इटलीतल्या जान्नी रोदारीने (१९२०-१९८०) मुलांना नेमकं हेच शिकवायचं मनावर घेतलं. त्याचं बालपण मुसोलिनीच्या राजवटीत गेलं. १९३० पासून तिथल्या प्राथमिक शाळांना सरकारने नेमलेलं एकच पाठ्यपुस्तक आलं. म्हणजे देशभरच्या मुलांना गोष्टीही त्याच आणि तात्पर्यही तेच. आधी शिक्षक आणि मग पत्रकार झालेल्या रोदारीने १९७१ मध्ये एक पुस्तक काढलं. त्यात वीस गोष्टी आणि प्रत्येकीला तीन-तीन शेवट.

पहिली गोष्ट लढाईवरून घरी निघालेल्या ढोलवाल्याची. त्याच्या ढोलाला वर मिळतो: वाजवला की ऐकणारे नाचत सुटणार. पुढे? एका शेवटात तो स्वतःच वाटमारी करू लागतो. दुसऱ्यात ढोलाच्या आत काय आहे ते बघायला जातो आणि जादू संपते. तिसरा शेवट वाचकाने आधी स्वतः योजून पाहावा, म्हणून सांगत नाही. पण रोदारीला आवडतो तो तिसराच, आणि तो कारणंही देतो. असा उदार, आनंदी पोरगा लुटारू कसा होईल? आणि जराशा कुतूहलाला एवढी शिक्षा का?

मला महत्त्वाची वाटतात ती ही कारणं. 'मनात येईल तो शेवट करा' असं तो म्हणत नाही. पात्र कसं आहे आणि न्याय कुठे आहे, हे दोन प्रश्न विचारून शेवट पारखायचा. १९७२ च्या मार्चमध्ये रेज्जो एमिलिया गावात त्याने पन्नासेक शिक्षकांसमोर अशा युक्त्या मांडल्या. त्यातून पुढच्या वर्षी त्याचं 'कल्पनाशक्तीचं व्याकरण' हे पुस्तक आलं.

याच इटलीत, १८८१ मध्ये, कोलोदीने पिनोकिओला पंधराव्या प्रकरणात झाडाला टांगून गोष्ट संपवली होती. साप्ताहिकाच्या वाचकांना ते रुचलं नाही. १८८२ मध्ये गोष्ट पुन्हा सुरू झाली, आणि १८८३ मध्ये बाहुल्याचा मुलगा होऊन संपली.

छापलेला शेवटही बदलता येतो, हे ज्या मुलाला कळलं, ते मोठेपणी कुणाचंही आयतं तात्पर्य मुकाट्याने उतरवून घेणार नाही.