कोंडलेल्या पाण्याचें बळ

खोपोलीला १९१५ पासून डोंगरावरील तलावांचें पाणी नळांतून खालीं सोडून वीज उत्पन्न केली जाते. इकडे मोटारीच्या गॅरेजांत एखादा पोरगा जॅकचा दांडा खालींवर करून अख्खी मोटार उचलतो. दोन्हीं ठिकाणीं काम द्रवच करतो. पण दोहोंची जात निराळी. खोपोलीचें पाणी वेगानें धांवतें म्हणून बलवान, तर जॅकमधील द्रव जागच्या जागीं कोंडलेला असतो म्हणून बलवान. ‘हायड्रॉलिक’ या शब्दाच्या मुळाशीं ‘पाणी’ आणि ‘नळी’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द आहेत. परंतु व्यवहारांत ज्यांना हायड्रॉलिक यंत्रें म्हणतात तीं बहुधा या दुसऱ्या जातीचीं. त्यांचा इतिहास म्हणजे पाणी कोंडून ठेवण्याच्या खटपटीचा इतिहास होय.

या यंत्रांचें तत्त्व ब्लेझ पास्कल या फ्रेंच पंडितानें सांगितलें. द्रवांच्या समतोलावरील त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ सालीं, प्रसिद्ध झाला. बंद भांड्यांतील पाण्यावर एके जागीं दाब दिला असतां तो सर्व बाजूंना सारखा पोंचतो, हें तें तत्त्व. १ चौरस इंच तोंडाच्या दट्ट्यावर १० पौंड भार ठेवला, तर त्याच पाण्यावर टेकलेल्या १०० चौरस इंच तोंडाच्या दट्ट्याला १००० पौंडांचा रेटा मिळतो. मात्र लहान दट्ट्या १०० इंच खालीं गेला म्हणजे मोठा अवघा १ इंच वर चढतो. सृष्टीच्या दुकानांत फुकट कांहीं मिळत नाहीं. बळ जितक्या पटीनें वाढावें, तितक्या पटीनें अंतर घटतें.

तत्त्व कळलें, पण त्याचें कामाचें यंत्र व्हावयास सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लोटला. लंडनमध्यें कुलुपें आणि शौचकूपाचीं पात्रें बनवून नांवारूपास आलेल्या जोसेफ ब्रॅमानें १७९५ सालीं जलदाब यंत्राचें पेटंट घेतलें. त्याची अडचण अगदीं घरगुती होती. पाणी गळत होतें. दट्ट्या सैल ठेवावा तर फटींतून पाणी उसळे. भोंवतालचें बूच आवळावें तर दट्ट्याच हालेना. तोड निघाली ती चामड्याच्या एका वाटीदार कड्यांत. पाण्याचा दाब वाढला कीं कड्याची कड त्याच दाबानें दट्ट्याला घट्ट चिकटावी, आणि दाब उतरला कीं आपोआप सैल व्हावी! ही युक्ति ब्रॅमाच्या कारखान्यांतील हेन्‍री मॉडस्ले या तरुण कारागिराला सुचली, असें सांगतात. पंडिताच्या सिद्धांताला असें एका चामड्याच्या तुकड्यानें हातपाय दिले.

या यंत्राचा मुंबईशीं संबंध आला तो कापसामुळें. सैल कापूस जहाजांत भरणें म्हणजे वाऱ्याचें भाडें भरणें. म्हणून कुलाब्याच्या प्रेसांत गांठी आवळून बांधीत. पूर्वीं हें काम माणसें स्क्रू फिरवून करीत. एकोणिसाव्या शतकांत तेथें जलदाब यंत्रें आलीं आणि ३९२ पौंडांची गांठ लांकडासारखी टणक होऊन विलायतेस जाऊं लागली. खानदेश-वऱ्हाडांतील जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने त्याच व्यवहाराचे वारस होत.

परंतु कोंडलेलें बळ बेसावधपणा खपवून घेत नाहीं. १८४९ सालीं वेल्समधील मेनाई सामुद्रधुनीवर ब्रिटानिया पुलाच्या लोखंडी नळ्या जलदाब यंत्रांनीं वर चढविल्या जात होत्या. एकेका लांब नळीचें वजन दीड हजार टनांच्या घरांत. ऑगस्ट महिन्यांत एका यंत्राच्या नळकांड्याचा तळ फुटून खालीं कोसळला आणि एका माणसाचा जीव गेला. मात्र नळी काहीं इंचच खचली. ती जसजशी चढेल तसतसा तिच्याखालीं आधार रचीत जावें, असा रॉबर्ट स्टीफन्सन या एंजिनीयराचा सक्त हुकूम होता. त्या हुकुमानेंच पूल वांचला.

पुढची पायरी न्यूकॅसलच्या विल्यम आर्मस्ट्राँगनें घातली. हा पेशानें वकील. १८४६ सालीं त्यानें शहराच्या नळाच्या दाबावर चालणारी यारी तेथील धक्क्यावर उभी केली. पण पुरेसा दाब सर्वत्र कोठून आणावा? ग्रिम्सबी बंदरांत त्यासाठीं १८५२ सालीं ३०९ फूट उंच मनोरा बांधून त्यांत पाण्याची टांकी बसविली. तोंवर आर्मस्ट्राँगनें वजनानें भारलेला एक प्रचंड दट्ट्या उभ्या नळकांड्यांत बसवून, मनोऱ्यावांचूनच दाबाचा सांठा करण्याची सोय काढली होती. वाफेच्या पंपानें सावकाश सांठवावें आणि गरज पडेल तेव्हां झटक्यानें खर्चावें, अशी ती बळाची पेढी होती. १८९४ सालीं खुल्या झालेल्या लंडनच्या टॉवर ब्रिजचीं हजार हजार टनांचीं पाखें अशाच सांठ्यावर उचललीं जात. १९७६ सालीं तेथें वीज आणि तेल आलें. त्याच शहरांत एक कंपनी रस्त्यांखालच्या नळांतून दाबाचें पाणी विकीत असे. लिफ्ट, यारी, नाटकगृहांचे पडदे त्यावर चालत. विजेपुढें तिचा टिकाव लागेना. १९७७ सालीं ती बंद पडली.

पाण्याचा तो बाजार उठला, तरी तत्त्व उठलें नाहीं. पाणी गोठतें आणि लोखंड गंजवितें; तेल उलट घर्षण कमी करतें. म्हणून विसाव्या शतकांत यंत्रांतून पाण्याची जागा तेलानें घेतली. न्हाव्याच्या खुर्चीपासून रस्ता खणणाऱ्या जेसीबीच्या बाहूपर्यंत आज बहुधा तेंच तेल राबतें. मोटारीच्या ब्रेकांत त्यासाठीं निराळा द्रव असतो. १९२१ मध्यें ड्युसेनबर्ग या अमेरिकन मोटारीनें चारही चाकांना असे ब्रेक दिले, तेव्हांपासून पायाचा एक दाब सर्व चाकांकडे एकाच क्षणीं पोंचूं लागला. पण नळींत हवेचा बुडबुडा शिरला तर तोच दाबला जातो आणि पाय पोकळींत गेल्यासारखा होतो. रबराचें कडें फाटलें तर द्रव गळतो. ब्रॅमाची अडचण आजही जिवंत आहे. घाट उतरणाऱ्या मोटारींतील माणसांचे प्राण पास्कलच्या सिद्धांताइतकेच त्या चार आण्यांच्या कड्यावरही अवलंबून असतात.