दोन बिलासपूर

माझ्या लिहिण्याच्या मेजाच्या खणात एक जुने निळे अंतर्देशीय पत्र आहे. घड्यांवर ते विरत आले आहे आणि हातात घेताना जपावे लागते. मजकूर माझ्या आजीचा, अक्षर माझे. पत्त्याच्या बाजूला शिक्क्यांची एवढी दाटी आहे की पत्ता शोधावा लागतो. दिवाळी आली की मी ते एकदा बाहेर काढतो आणि पुन्हा ठेवून देतो. यंदा म्हटले, त्याची हकीकत सांगून टाकावी. हकीकत घरगुती आहे. पण तिचा एक धागा देशाच्या टपालाच्या इतिहासात जातो आणि दुसरा खानेसुमारीच्या.

साल १९६०. मी अकरा वर्षांचा होतो आणि साताऱ्याजवळच्या एका खेड्यात आजोळी राहून शिकत होतो. माझे मामा ओव्हरसियर होते आणि दूर उत्तरेत, भाक्रा धरणाच्या कामामुळे जे शहर बुडणार होते तिथे, नव्या वस्तीच्या आखणीवर नेमलेले होते. त्या शहराचे नाव बिलासपूर. सतलजच्या काठचे हे गाव म्हणजे जुन्या कहलूर संस्थानची राजधानी. १९५४ च्या जुलैत ते संस्थान हिमाचल प्रदेशात विलीन झाले होते. मामांची मनीऑर्डर दरमहा येई आणि कुपनावर दोन ओळी असत : "इकडे सर्व क्षेम. गाव बुडायचे आहे, म्हणून घरे मोजतो आहोत."

दसऱ्याच्या आधी आजोबांचा खोकला वाढला. आजीने मला समोर बसवले आणि म्हणाली, "लिही. चि. वसंता यास अनेक आशीर्वाद. ह्यांना बरे नाही. दिवाळीला चार दिवस आधी निघून ये." शेजारच्या काकांनी तार करायचे सुचवले, तर आजी त्यांच्यावरच रागावली. तार म्हणजे कुणीतरी गेल्याची खबर, अशी तेव्हा घराघरांत समजूत होती. माणूस जिवंत असताना तार करणे तिला अशुभ वाटले.

मजकूर संपला आणि मी पत्ता लिहायला घेतला. मामांनी दिलेल्या चिठ्ठीवर "बिलासपूर (हि. प्र.)" असे होते. माझ्या शाळेच्या भूगोलात बिलासपूर मध्य प्रदेशात होते. नकाशात मी त्यावर बोट ठेवलेले होते. मामांच्या हातून चूक झाली असणार असे मला वाटले. मी ती सुधारली. "हि." च्या जागी "म." लिहिला आणि माझ्या हुशारीवर खूश होऊन पत्र पेटीत टाकले.

मामा दिवाळीला आले नाहीत. आजोबा रोज संध्याकाळी ओटीवर बसून एस. टी. च्या वाटेकडे बघत. भाऊबिजेनंतर चौथ्या दिवशी ते गेले. मग तार गेली, ती मनीऑर्डरच्या कुपनावरच्या पत्त्यावर. आणि ती पोहोचली. मामा नवव्या दिवशी घरात आले. तेराव्याच्या आदल्या दिवशी पोस्टमनने ते निळे पत्र परत आणून दिले. मामांनी उलटून पालटून पाहिले, माझ्याकडे बघितले आणि विचारले, "हे अक्षर तुझं ना?" मी मान हलवली. वाटले, आता एक सणसणीत बसणार. मामा एवढेच म्हणाले, "गावं दोन आहेत रे. मलाही तिकडे गेल्यावरच कळलं." पत्र त्यांनी कोटाच्या खिशात ठेवले. आजीला त्यांनी ते कधीच दाखवले नाही.

एका नावाची दोन गावे असली की धाकट्या गावाच्या वाट्याला हेच येते. मोठे गाव नकाशात असते, शाळेच्या पुस्तकात असते, आगगाडीच्या वेळापत्रकात असते. २०११ च्या गणनेत छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्याची लोकसंख्या २६,६३,६२९ होती आणि हिमाचलमधल्या बिलासपूरची ३,८१,९५६, म्हणजे जवळजवळ एकास सात. एकटे नाव घेतले की मोठ्याचीच आठवण होणार. हमीरपूर उत्तर प्रदेशात आहे तसे हिमाचलातही आहे. रामपूरचेही तेच. आपल्याकडच्या वडगाव-पिंपळगावांची तर मोजदादच नको! शिवाय प्रत्येक प्रांताची लिपी निराळी आणि पत्ता लिहिणाऱ्याचे अक्षर निराळे. धावत्या गाडीच्या टपालडब्यात उभ्याने पत्रे वेगळी करणाऱ्या माणसाने काय काय ध्यानात ठेवावे?

यावर तोड निघाली ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी. त्या दिवशी देशात सहा आकडी पिनकोड सुरू झाला आणि त्याची योजना आखणारा अधिकारी मराठी होता. श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि डाक-तार मंडळाचे सदस्य. त्यांची दुसरी ओळख संस्कृत कवी आणि नाटककार ही. १९९६ साली संस्कृतसाठी त्यांना राष्ट्रपतींचा सन्मान मिळाला आणि १९९९ मध्ये ते निवर्तले. ज्याने आयुष्यभर अक्षरांची मात्रा आणि गण मोजले, त्याने देशाला सहा आकड्यांचे हे वृत्त बांधून दिले, असे मला नेहमी वाटत आले आहे.

त्याची रचना सोपी आहे. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. असे विभाग आठ आणि नववा आकडा सैन्याच्या टपालासाठी. पहिले दोन आकडे मिळून साधारणपणे राज्य कळते : महाराष्ट्राला ४० ते ४४ (त्यातलाच ४०३ गोव्याचा), हिमाचलला १७. तिसऱ्या आकड्याने टपाल वेगळे करण्याचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन आकडे पत्र वाटणाऱ्या पोस्टाचे. म्हणून हिमाचलचे बिलासपूर १७४००१ झाले आणि दुसरे बिलासपूर ४९५००१. पहिल्याच आकड्याला दोघांच्या वाटा फुटतात. कुणा शाळकरी पोराने अक्षर बदलले तरी आकडा त्याला सावरून घेतो. मोठे बिलासपूर २००० साली मध्य प्रदेशातून छत्तीसगडात गेले, पण त्याचा आकडा होता तसाच राहिला.

हिमाचलच्या दृष्टीने ही वर्षे मोठी धामधुमीची होती. २५ जानेवारी १९७१ रोजी त्याला पूर्ण राज्याचा दर्जा मिळाला. दोन-तीन महिन्यांत देशाची खानेसुमारी झाली आणि नव्या राज्याची लोकसंख्या ३४,६०,४३४ भरली. पुढच्या वर्षी टपालाचा आकडा आला. घरात मूल जन्मावे, त्याचे बारसे व्हावे आणि पाठोपाठ शाळेच्या पटावर नाव चढावे, तसेच हे.

त्या खानेसुमारीत मीही होतो. नुकताच मास्तर झालो होतो आणि मास्तर म्हटला की तो प्रगणक ठरलेलाच. लोकसभेच्या निवडणुकीमुळे गणना थोडी पुढे सरकली होती. मार्चच्या उन्हात काखेत तक्ते मारून मी वाड्यावस्त्या फिरलो. एका घरी एकटी म्हातारी होती. तिने दोन माणसे सांगितली. दुसरा कोण, तर मुंबईत गिरणीत असलेला मुलगा. मी समजावले की तो मुंबईत मोजला जाईल, इथे धरता येत नाही. ती म्हणाली, "लिवा की मास्तर, घर त्याचंच हाय." मी नियमाप्रमाणे एकच माणूस लिहिला. पण तक्ता मिटताना मला आजीची आठवण झाली. तिच्याही घरात एक माणूस असाच दूरच्या गावी लिहिला गेला होता.

तेव्हापासून मला त्या डोंगरी राज्याच्या आकड्यांचा नाद लागला. हिमाचलइतके खेड्यांत राहणारे राज्य देशात दुसरे नाही. २०११ साली तिथल्या ६८,६४,६०२ माणसांपैकी ६१,७६,०५० खेड्यांत होती, म्हणजे शंभरातली नव्वद. त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रात हे प्रमाण शंभरात पंचावन्नाच्या आत होते. आणि ती खेडी तरी केवढी? वस्तीची गावे १७,८८२. भागाकार करून पाहा, गावामागे साडेतीनशेही माणसे येत नाहीत. आपल्याकडे सरासरी गाव सुमारे दीड हजारांचे असते. लाहौल-स्पिती जिल्हा क्षेत्रफळाने पुणे जिल्ह्याहून थोडाच लहान आहे. पुणे जिल्ह्यात २०११ साली ९४ लाखांवर माणसे होती आणि तिथे ३१,५६४. चौरस किलोमीटरला दोन!

एवढ्या विरळ वस्तीला टपाल कसे पोहोचते, ते आकड्यांतच वाचता येते. जिल्हा एक, पण लाहौलमधल्या केलाँगचा पिन १७५१३२, तर स्पितीतल्या काझाचा १७२११४. मधे हिमालयाच्या खिंडी आहेत. लाहौलचे टपाल कुलू-मनालीकडून चढते आणि स्पितीचे किन्नौरकडून. पिनकोडाने जिल्ह्याची हद्द पाहिली नाही, टपालाची वाट पाहिली. काझाच्या वर हिक्कीम नावाच्या खेड्यात १९८३ पासून एक पोस्ट आहे, समुद्रसपाटीपासून साडेचौदा हजार फुटांवर. त्याला वेगळा आकडा नाही. काझाचाच आकडा ते लावते. खेड्यापाड्यांतल्या शाखा-पोस्टांची रीत सगळीकडे हीच. देशात पोस्टे दीड लाखाच्या वर, तर पिनकोड सुमारे १९ हजार. म्हणून सहा आकडे लिहिले तरी गावाचे नाव लिहावेच लागते. आकडा पत्राला डोंगराच्या पायथ्याशी सुखरूप आणून सोडतो. पुढे नाव वाचणारा माणूसच हवा.

खानेसुमारीलाही तिथे बर्फाचे ऐकावे लागते. साऱ्या देशाची २०११ ची गणना १ मार्चच्या आरंभक्षणाची धरली. पण फेब्रुवारीत किन्नौर, लाहौल-स्पिती, पांगी, भरमौर या भागांत प्रगणकाने जायचे कसे? म्हणून तिथली शिरगणती २०१० च्या सप्टेंबरातच उरकली आणि १ ऑक्टोबरचा क्षण धरला. २०२१ ची गणना कोरोनाच्या साथीने लांबली. जून २०२५ मध्ये नवी अधिसूचना निघाली तेव्हाही बर्फाळ प्रदेशाला १ ऑक्टोबर २०२६ आणि उरलेल्या देशाला १ मार्च २०२७ असे दोन क्षण नेमून दिले गेले. एकशेचाळीस कोटींच्या देशाने मूठभर माणसांसाठी आपल्या मोजणीला दुसरी तारीख जोडावी, हे मला फार मोलाचे वाटते.

मतदानाचीही तीच कथा. किन्नौरमधल्या कल्पा गावचे शिक्षक श्यामशरण नेगी यांनी स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत २५ ऑक्टोबर १९५१ रोजी मत दिले. देशाच्या बहुतेक भागांत मतदान १९५२ च्या आरंभी झाले. बर्फ पडण्यापूर्वी उरकायचे म्हणून त्यांच्याकडे ते आधी घेतले आणि नेगी देशाचे पहिले मतदार ठरले. २ नोव्हेंबर २०२२ रोजी, वयाच्या एकशेपाचाव्या वर्षी, त्यांनी घरूनच टपाली मत दिले आणि तीन दिवसांनी ते गेले. त्यांचे शेवटचे मत टपालाच्या पाकिटातून गेले, ही गोष्ट माझ्यासारख्याच्या मनात घर करून राहते.

गंमत अशी, की २०११ च्या खानेसुमारीने देशातल्या प्रत्येक गावाला एक सहा आकडी खूण दिली आणि टपालाचा आकडाही सहाचाच. पण दोघांची एकमेकांशी ओळख नाही. एक आकडा गावात माणसे किती ते सांगतो, दुसरा त्या माणसांपर्यंत वाट कुठून ते सांगतो. २०२५ मध्ये टपालखात्याने डिजिपिन आणला, त्यात तर जमिनीचा चार-चार मीटरचा तुकडादेखील ओळखता येतो. लोक म्हणतात, आकड्यांनी माणूस हरवतो. माझा अनुभव उलटा आहे. आमच्या घरात माणूस चुकला तो आकडा नव्हता म्हणून. आकडा लहानमोठे ओळखत नाही. साडेतीनशे उंबऱ्यांच्या गावालाही तो तेवढीच जागा देतो आणि धाकट्या बिलासपूरला थोरल्याच्या सावलीतून बाहेर काढतो.

निवृत्तीनंतर, २००८ च्या मे महिन्यात, मी ते बिलासपूर पाहून आलो. भाक्रा धरण २२ ऑक्टोबर १९६३ रोजी देशाला अर्पण झाले आणि जुने शहर गोविंदसागराखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरते, तेव्हा जुन्या देवळांची शिखरे गाळातून वर दिसतात. वर डोंगरावर मामांनी आखलेले रस्ते आहेत. तिथल्या पोस्टातून मी कार्ड घेतले आणि मामांना लिहिले, "मामा, पोहोचलो. गाव दुसरे आहे." खाली त्यांचा कोथरूडचा पत्ता लिहिला आणि ४११०३८ चे सहा आकडे दोनदा तपासले. कार्ड सहाव्या दिवशी पोहोचले.

मामा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत ते कार्ड मिळाले आणि त्याच्याखाली ते निळे पत्र. मी ते प्रथमच नीट पाहिले. माझ्या वळणदार "म. प्र." वर मामांनी रेघ मारलेली नव्हती. शेजारी पेन्सिलीने, बारीक ओव्हरसियरी अक्षरात, कधीतरी लिहून ठेवले होते : १७४००१.