हिंगोलीचा हरिसिंग : एका कबुलीजबाबाची साधने आणि हौशी संशोधक

हिंगोलीच्या छावणीतील हरिसिंग नावाच्या व्यापाऱ्याची हकीकत इंग्लंडातील वाचकांपर्यंत पोचविली ती कॅप्टन फिलिप मेडोज टेलर (१८०८-१८७६) याने. निजामाच्या नोकरीत असलेल्या या अधिकाऱ्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही तीन भागांची कादंबरी लंडन येथे १८३९ मध्ये, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणानंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाली. छपाई चालू असतानाच राणीने तिचे कागद वाचावयास मागविले होते, असे टेलरच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात (१८७७) नमूद आहे. कादंबरीचा नायक अमीर अली हे रचलेले पात्र होय. हरिसिंग मात्र कादंबरीत नाही. तो प्रस्तावनेत येतो, आणि प्रस्तावना ही टेलरने वस्तुस्थिती म्हणून लिहिली आहे. हा भेद ध्यानी न घेतल्याने पुढील लेखनात पुष्कळ घोटाळा झाला आहे.

प्रस्तावनेतील हकीकत थोडक्यात अशी. हरिसिंग हा छावणीतील प्रतिष्ठित व्यापारी समजला जाई. इतर अनेकांप्रमाणे टेलरचाही त्याच्याशी व्यवहार झालेला होता. मुंबईहून कापड आणण्यासाठी त्याने मुलकी अधिकारी कॅप्टन रेनॉल्ड्स याजकडून परवाना घेतला. ते कापड हिंगोलीजवळच्या एका गावच्या व्यापाऱ्याचे असून तो स्वतः मालाबरोबर येत आहे, हे हरिसिंगास ठाऊक होते. त्याने त्या व्यापाऱ्यास, नोकरांस व गुरे हाकणाऱ्यांस ठार केले आणि त्याच परवान्यावर माल छावणीत आणून उघडपणे विकला. पकडला गेल्यावर त्याने आपण होऊन ही गोष्ट सांगितली. एरवी ती कोणास कळलीही नसती.

ज्या मुलखात हे घडले त्याचे स्वरूप पाहिले म्हणजे या हकीकतीतील व्यवहार उलगडतो. हिंगोली हे निजामाच्या राज्यातील, परंतु इंग्रज अंमलदारांच्या हाताखालील फौजेचे ठाणे होते. (परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १९९९ मध्ये झाला.) ठाण्यास कापड, धान्य, मीठ, तेल यांची नित्य गरज असे, आणि ती भागविणारे लहानमोठे व्यापारी आसपासच्या बाजारगावी राहत. औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार हे असेच, नावातच बाजार वागविणारे गाव; तेथे शेतमालाची बाजार समिती आहे. औंढ्याचे नागनाथ हे ज्योतिर्लिंग मानले जात असल्याने या वाटांवर व्यापाऱ्यांबरोबर यात्रेकरूंचाही राबता असे. वाटसरूंशी ओळख करून घ्यावी, सोबतीचा विश्वास द्यावा आणि मग रुमालाने गळा आवळून प्रेत पुरावे, ही ठगांची रीत. दक्षिणेत त्यांस फासिगार म्हणत ते यामुळेच. हरिसिंगाच्या प्रतिष्ठेने या रीतीस परवान्याची जोड दिली, एवढेच त्याचे वेगळेपण.

आता या हकीकतीच्या पुराव्याची प्रत पाहावयाची. टेलरच्या मजकुरात दोन निरनिराळ्या जातींचा पुरावा एकत्र आला आहे. छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर माणसे मारली गेली आणि नदीस मिळणाऱ्या एका कोरड्या ओहोळाच्या पात्रात पुरली गेली, असे तो सांगतो. तेथील प्रेतखड्डे माफीच्या साक्षीदारांनी दाखविले, ते उकरताना टेलर स्वतः उभा होता, आणि एकेका खड्ड्यात अनेक प्रेते निघाली. ही प्रत्यक्षदर्शी साक्ष होय. कापडाच्या परवान्याची कथा मात्र कैदेतील आरोपीच्या तोंडची असून ती टेलरकरवी आपल्यापर्यंत येते. पहिल्या पुराव्याने खून झाले हे ठरते. ते कोणाचे झाले व प्रत्येक खून कोणी केला हे त्याने ठरत नाही.

हा भेद बारकाईचा वाटला, तरी त्या काळच्या न्यायपद्धतीमुळे तो महत्त्वाचा ठरतो. विल्यम हेन्री स्लीमन (१७८८-१८५६) याने उभारलेली ठगांविरुद्धची मोहीम मुख्यतः माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर चालली. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने, कंपनीच्या मुलखात वा मुलखाबाहेर, ठगांच्या टोळीत असणे एवढाच गुन्हा जन्मठेपेस पुरेसा झाला. विशिष्ट खून शाबीत करण्याची गरज उरली नाही. टेलरने दिलेल्या तक्त्याप्रमाणे १८३१ ते १८३७ या काळात हाती लागलेल्या ३,२६६ इसमांपैकी ४१२ फाशी गेले, १,०५९ काळ्या पाण्यावर धाडले गेले आणि ४८३ माफीचे साक्षीदार झाले. ज्याला जीव वाचविण्यासाठी अधिक सांगणे भाग आहे, त्याच्या सांगण्यात किती भर पडली असेल, हा प्रश्न प्रत्येक जबानीस विचारला पाहिजे. उलट, इंग्रजांनी ठगी ही कल्पनेनेच निर्माण केली, असे म्हणणाऱ्यांस हिंगोलीच्या ओहोळातील प्रेतांचा जबाब द्यावा लागतो.

हौशी संशोधकांची चूक व त्यांचे सामर्थ्य या दोहोंचे उदाहरण याच विषयात मिळते. स्लीमनचा नातू जेम्स स्लीमन हा लष्करी पेशाचा गृहस्थ. त्याने १९३३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच दहा लक्ष खुनांचा आकडा घातला आणि तो लोकांच्या मनात रुजला. अवधमधील बेहराम या ठगाच्या नावावर ९३१ खून लोकप्रिय पुस्तकांतून मांडले गेले. परंतु जेम्स पेटन या अधिकाऱ्याचे १८३० च्या दशकातील हस्तलिखित पुन्हा वाचले गेले, तेव्हा निराळेच चित्र दिसले. ९३१ हा आकडा बेहराम जेथे हजर होता अशा खुनांचा आहे. स्वतःच्या हातांनी सुमारे १२५ माणसे मारली असतील व आणखी १५० मारली जाताना पाहिली असतील, असे तो तेथेच म्हणतो. छापील पुस्तकावरून छापील पुस्तक लिहिले की आकडा फुगतो. मूळ कागद पाहिला की तो खाली येतो.

मूळ कागद पाहण्याची ही शिस्त महाराष्ट्रास नवी नाही. वि. का. राजवाडे (१८६३-१९२६) यांनी गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे मिळविली; मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे हे शाळेतील शिक्षक होते. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ अशाच पदरमोड करणाऱ्या माणसांनी उभे केले. मात्र त्यांचा शोध राजकारणाच्या कागदांचा होता. हरिसिंगाच्या प्रकरणास लागणारे कागद त्याहून लहान आहेत. ठगीच्या खात्याच्या जबान्या दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात व लंडनमधील संग्रहांत आहेत. तेथे आरोपी सापडतो. ज्याचे कापड गेले तो व्यापारी शोधावयाचा तर पेढ्यांच्या मोडी रोजकीर्दी व खतावण्या, जकातीच्या चौक्यांचे हिशेब आणि तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या यांकडे वळावे लागेल. येणे बाकी राहून एकाएकी बंद पडलेले खाते हीदेखील एक साक्ष आहे. परागंदा माणसाची बारा वर्षे वाट पाहून पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचे दहन करावे, असा धर्मशास्त्राचा संकेत होता. अशा विधीची नोंद त्र्यंबकेश्वर वा पैठण येथील वहीत मिळाली, तर एका कुटुंबाने कोणाची वाट पाहिली हे कळू शकेल.

या प्रकरणात संशयिताचे नाव उरले, परवाना देणाऱ्याचे उरले, हकीकत लिहिणाऱ्याचे उरले. ज्याचे कापड छावणीत विकले गेले त्या व्यापाऱ्याचे नाव टेलरने दिलेले नाही. त्याच्या गावाचेही नाही. ओहोळातील खड्डे उकरता उकरता पाहणाऱ्यांस शिसारी आली व काम मध्येच थांबविण्यात आले, म्हणून प्रेतांची मोजदादही पुरी झाली नाही. ठगांचा इतिहास मारणाऱ्यांच्या कबुलीतून लिहिला गेला, आणि त्यात मेलेली माणसे केवळ संख्या होऊन राहिली. हरिसिंग किती क्रूर होता हे ठरविण्यासाठी नवा कागद नको. जवळा बाजारसारख्या गावांतील एखाद्या जुन्या वहीतून त्या व्यापाऱ्याचे नाव निघाले, तर हिंगोलीच्या इतिहासात त्याची भर अधिक मोलाची ठरेल.